चेसिस तीच, इंजिन दुसरे

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे डोंगर चढणारे ऐषारामी वाहन म्हटले की लोकांना जीप आठवते. मला पालखी आठवते. १८२८ साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी महाबळेश्वरला हवा खाण्याचे ठाणे वसवले आणि मुंबईच्या साहेब लोकांना उन्हाळ्यात एकाएकी प्रकृतीच्या तक्रारी सुरू झाल्या. रेल्वे अजून यायची होती. तेव्हा गलबताने बाणकोट, सावित्रीच्या खाडीतून महाडच्या बाजूला, आणि तेथून पोलादपूरमार्गे पार घाटाने पालखीत बसून वर. आत गादी, तक्क्या, पडदा आणि साहेब. बाहेर दगड, चिखल, काटे आणि भोई. दमलेले भोई खांदा काढून घेत, ताजे भोई खांदा देत. पालखी तीच, गादी तीच, साहेबही (दुर्दैवाने तेवढ्याच वजनाचा) तोच. बदलले ते फक्त इंजिन.

इंजिन-बदलाचा इतिहास मी इथून सुरू करतो. आता तुम्ही म्हणाल, बँकेतल्या कारकुनाला इतिहासाशी काय कर्तव्य? तर बी. कॉम.ला आम्हाला इतिहास नव्हता हे खरे; पण वाहनकर्जाच्या फायली होत्या. इतिहासकाराला ताम्रपट असतो तसे आम्हाला आर. सी. बुक असते. त्यात दोन आकडे मुख्य: चेसिस नंबर आणि इंजिन नंबर. चेसिस नंबर तपासायची आमची पद्धत फार सुंदर आहे. पत्र्यावर कोरलेल्या नंबरावर कागद ठेवायचा आणि वरून शिसपेन्सिल घासायची. आकडे कागदावर उमटतात. लहानपणी आम्ही चार आण्याचे नाणे असेच उमटवीत असू, तेव्हा वडील त्याला उनाडक्या म्हणत. बँक त्यालाच तारणाची तपासणी म्हणते आणि वर पगार देते.

महाडच्या शाखेत असताना माझ्या हाती एका जुन्या जीपचे पुस्तक आले. त्यात इंजिन नंबर तीनदा बदललेला, इंधनाच्या जागी ‘पेट्रोल’ खोडून ‘डिझेल’, आणि प्रत्येक खोडीवर पेणच्या आर. टी. ओ.चा शिक्का. चेसिस नंबर मात्र पहिल्यापासून तोच. आमच्या मॅनेजरसाहेबांनी विचारले, ‘‘मग आपण कर्ज दिलंय कशावर?’’ प्रश्न साधा होता. शास्त्री-पंडितांच्या सभेत टाकला असता तर तीन दिवस वाद चालला असता. मी तो पोलादपूरच्या एका मिस्त्र्याला विचारला. गावाच्या नावातच पोलाद असल्याने तिथल्या मिस्त्र्याचा शब्द मी प्रमाण मानतो. हात पुसत तो म्हणाला, ‘‘साहेब, इंजिनाला जात नसते. इंजिनाला फक्त माप असतं.’’

हे वाक्य ऐकले आणि मोटारींचा अवघा इतिहास मला उलगडला.

बघा ना. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सहा लाखांवर जीपा बनवल्या. लढाई संपली आणि त्यातली एक जुनी जीप इंग्लंडातल्या रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्स यांच्या शेतावर राबू लागली. जीप गुणाची होती, पण परक्या कंपनीची. म्हणून १९४७ साली रोव्हरच्या मंडळींनी जीपचीच चेसिस घेतली, तीत आपल्या मोटारीचे इंजिन बसवले आणि चाक, म्हणजे स्टिअरिंग, चक्क मधोमध ठेवले. बैलगाडीवाला मध्ये बसतो तसे. हा लँड रोव्हरचा पहिला नमुना. १९४८ साली ती बाजारात आली तेव्हा चेसिसही स्वतःची झाली होती आणि स्टिअरिंगही कडेला सरकले होते. पण घराण्याचा जन्म इंजिन बदलण्यातून झाला, हे काही लपत नाही.

पुढे १९७० साली त्याच घराण्यात रेंज रोव्हर जन्मली. ही खरी शाही गाडी. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात नमुना म्हणून मांडली गेलेली. (सुरुवातीला आतून पाण्याच्या नळीने धुऊन काढता येत असे. आमच्याकडे गोठा तसा धुतात, पण तो लूव्रमध्ये कोणी मांडत नाही.) या राजघराण्यातल्या गाडीचे साडेतीन लिटरचे आठ सिलिंडरी इंजिन कुठले? अमेरिकेच्या ब्युइक मोटारीचे! जनरल मोटर्सला ॲल्युमिनियमच्या ओतकामाचा खर्च परवडेना, म्हणून १९६३ साली त्यांनी ते बंद केले, आणि रोव्हरने १९६५ साली त्याचे हक्क विकत घेतले. थोरल्याचा सदरा धाकट्याला व्हावा, तसे ते इंजिन पुढे तीन-चार दशके रोव्हरच्या अंगावर राहिले.

आपल्याकडचीही कथा वेगळी नाही. १९४५ साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली. फाळणी झाली, मोहम्मदसाहेब पाकिस्तानात जाऊन अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर-जनरल झाले, आणि १९४८ साली कंपनी ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली. म्हणजे एक ‘एम’ उतरवून दुसरा ‘एम’ बसवला. पाटीवरची आद्याक्षरे हललीसुद्धा नाहीत. इतके बेमालूम इंजिन-काम मी पोलादपुरातही पाहिलेले नाही. याच कंपनीने माझगावला विलीज जीपचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात केली.

आपल्याकडे वर्षानुवर्षे दिसलेल्या जीपचे बोनेट उंच का, हेही इंजिनाचेच कारस्थान. विलीजचे नवे इंजिन जुन्यापेक्षा उंच निघाले. जुन्या बोनेटखाली मावेना. १९५३ साली कंपनीने इंजिन न कापता बोनेट वर उचलले. डोके मोठे म्हणून पगडी मोठी बांधली! जीप त्यामुळे देखणी झाली नाही, पण पोटात जागा भरपूर झाली. ही जागा पुढे आपल्या मिस्त्र्यांच्या कामी आली.

कारण १९७३ साली अरब-इस्राएल युद्ध झाले आणि काही महिन्यांत कच्चे तेल चौपट महागले. त्याची कळ आमच्या घाटाच्या पायथ्याशीही पोचली. पेट्रोल जीप म्हणजे हत्ती. लिटरला सात-आठ किलोमीटर, आणि कशेडी चढताना त्याहून कमी. सरकारी अधिकाऱ्याला ती परवडे, कारण हत्तीचा चारा सरकार घाली. तोच हत्ती लिलावात निघाला की कोणी तरी होतकरू गृहस्थ तो हौसेने घरी आणी आणि पहिल्या महिन्यातच त्याला कळे, की हत्ती घेणे सोपे, पोसणे अवघड. डिझेल मात्र ट्रक, एस. टी. आणि शेतीपंपांसाठी सरकारने स्वस्त ठेवलेले. तेव्हा हत्तीला बैलाचे पोट बसवावे, अशी कल्पना निघाली. खुद्द महिंद्रांनी जीपमध्ये ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन घातले, आणि १९७९ साली फ्रान्सच्या प्यूजोशी डिझेल इंजिनांचा करार केला. ज्यांच्या जीपा आधीच्या होत्या, ते मिस्त्र्याकडे गेले.

वाचायला सोपे वाटते. प्रत्यक्षात ती हृदयाची शस्त्रक्रिया असते, फक्त रोगी आंब्याच्या झाडाखाली असतो आणि भूल नातेवाइकांना द्यावी लागते. चेनब्लॉकने जुने इंजिन उचलायचे. नवे कुर्ल्याच्या भंगारातून किंवा पुण्याच्या नाना पेठेतून आणलेले: कोणी परकिन्सचे, कोणी मॅटाडोरचे. त्याची भोके जुन्या गिअरबॉक्सच्या भोकांशी जुळत नाहीत, म्हणून लेथवाल्याकडून मध्ये जाड पत्र्याची तबकडी कातून घ्यायची. फाउंडेशन कापून नव्या जागी वेल्डिंग करायचे. डिझेल इंजिन वजनाला भारी, म्हणून पुढच्या पाट्यांत एक पान वाढवायचे. नाही तर जीप नमस्कार घालत चालते. पेट्रोल इंजिन हवा सहा-सात पट दाबते, डिझेल विसाच्या आसपास. त्यामुळे धक्के मोठे, आणि बोल्ट आठवड्याने पुन्हा आवळावे लागतात. चावी बंद केली तरी ते थांबत नाही; त्याला वेगळा दांडा ओढून ‘पुरे’ असे सांगावे लागते. (आमच्या युनियनच्या सेक्रेटरींनाही असा दांडा असता तर!) एवढे झाल्यावर पेणला जाऊन पुस्तकात नोंद. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम त्यासाठीच आहे. ती नोंद नसेल तर अपघाताच्या दिवशी विमा आणि तारण, दोन्ही हवेत.

आणि मग ही जीप पंधरा-सोळा माणसे, दोन कोंबड्या आणि एक तांदळाचे पोते घेऊन वाडीपर्यंत चढू लागते. पुढे ट्रॅक्स आली. पुण्याच्या बजाज टेम्पोची. तिचे इंजिन मर्सिडीजच्या परवान्याचे. जर्मनीत ज्या घराण्याच्या इंजिनाने उद्योगपती ऑफिसला जात, त्याच घराण्याच्या इंजिनाने आमच्याकडची बाळंतीण महाडच्या दवाखान्यात वेळेवर पोचली. मर्सिडीजचे नाव राखले ते कोणी, हे तुम्हीच ठरवा.

दुरुस्तीची खरी परीक्षा २२ जुलै २०२१ ला झाली. सावित्री आणि गांधारी महाडात शिरल्या आणि गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा वेळी एकच नियम: चावी फिरवू नये. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही; सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. जुन्या डिझेल जीपला विजेचा मेंदू नसतो. पाणी काढायचे, ऑइल दोन-तीनदा बदलायचे, स्टार्टर उन्हात वाळवायचा, डिझेलच्या नळीतली एअर काढायची, की म्हातारी खोकत उठते. नव्या गाडीचा मेंदू भिजला तर तिला क्रेनने उचलून नेतात आणि विम्याचा माणूस मयताला आल्यासारखा चेहरा करून फॉर्म भरतो. आमच्या काउंटरवर त्या दिवसांत मी दोन्ही प्रकारचे मालक पाहिले. नव्या गाडीवाल्याजवळ कागद होते. जुन्या गाडीवाल्याजवळ मिस्त्री होता. आठवड्यात धंदा कोणाचा सुरू झाला, हे सांगायला नको.

पण आता ही साखळी तुटली आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते आणि त्या थेट मोडीत जातात. धुराचा विचार केला तर ते बरोबरच आहे, माझ्या सौ.चा दमा माझ्याहून जास्त बरोबर आहे. मात्र लिलावातला हत्ती आता घाटाखाली येत नाही. पोलादपूरचा तो मिस्त्री साठीला आलाय. कानाने इंजिनाचे दुखणे ओळखणारा, डोळ्याने भोकांचे माप घेणारा. मी विचारले, ‘‘पुढं कोण करणार हे?’’ तो म्हणाला, ‘‘मुलगा कंपनीच्या शोरूमला आहे. तिथं लॅपटॉप लावतात, मग तो सांगतो काय बदलायचं. खोलून कोण बघत नाही.’’ इंजिन एका चेसिसमधून दुसऱ्या चेसिसमध्ये घालणे त्याला साधले. हातातली विद्या मात्र दुसऱ्या हातात बसेना; तिथे तबकडी कातून मिळत नाही.

राहिला मॅनेजरसाहेबांचा प्रश्न. त्याचे उत्तर मला नोव्हेंबरात सापडले. त्या महिन्यात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. एकाच्या डोळ्यांत नवी भिंगे, दुसऱ्याचे दोन्ही गुडघे बदललेले, तिसऱ्याच्या छातीत पेसमेकर. दातांबद्दल तर बोलायलाच नको. मूळ सुटे भाग विचाराल तर निम्मेसुद्धा भरणार नाहीत. तरी आम्ही अंगठा उमटवून घेतो, म्हणजे एक प्रकारे चेसिस नंबरच घासून घेतो, आणि लिहितो: सदर इसम हयात आहे. जीपच्या फायलीवरही मी तेच लिहिले, जरा बँकेच्या भाषेत: ‘तारण तपासले. चालू स्थितीत आहे.’

साहेबांनी सही केली. हप्ते वेळेवर आले.