कोंबडीचे अन्नपुट-विकार

कोंबडीच्या मानेच्या मुळाशी, छातीच्या उजव्या अंगास, अन्ननलिका फुगून जी पातळ भिंतीची पिशवी बनते तिला अन्नपुट म्हणतात. घाईने टिपलेले दाणे प्रथम येथे साठतात, ओलसर व मऊ होतात आणि मग थोडेथोडे ग्रंथिल जठरात व तेथून पेषणीत जाऊन पोटातील खड्यांच्या साहाय्याने भरडले जातात. दिवेलागणीस तुडुंब भरलेले अन्नपुट रात्रभरात रिते व्हावे, हा निरोगी पक्ष्याचा क्रम आहे. म्हणून पहाटे खुराडे उघडल्यावर, दाणापाणी देण्यापूर्वी, तेथे हलकेच बोटे फिरवून पाहणे ही सर्वांत भरवशाची परीक्षा होय. त्या वेळी पिशवी भरलेली लागली, तर काही बिघाड आहे असे समजावे.

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका हा सह्याद्रीच्या कुशीतील अतिपर्जन्याचा आणि भातशेतीचा मुलूख असल्यामुळे तेथील परसातल्या गावरान कोंबड्यांना या विकारांची कारणे ऋतुमानाप्रमाणे भेटतात. आषाढ-श्रावणात पक्षी खुराड्यात कोंडून राहतात आणि दमट कणी-कोंड्यास बुरशी धरते. कापणीनंतर खळ्यावर पेंढ्याचे लांब तुकडे पोटात जातात. आणि घाटवाटांवर पर्यटकांनी टाकलेल्या प्लॅस्टिकचे तुकडे व सुतळी यांची भर बाराही महिने पडत असते.

विकाराचे मुख्य प्रकार तीन. पहिला तुंबा : लांब गवत, पेंढा, पिसे वा दोरा यांचा गुंता होऊन पुढची वाट बंद होते आणि अन्नपुट मळलेल्या कणकेप्रमाणे घट्ट लागते. दुसरा आंबलेले अन्नपुट : साठलेले अन्न कुजून कँडिडा अल्बिकन्स नावाची बुरशी माजते, पिशवी पाणचट व मऊ लागते आणि चोचीला आंबूस दुर्गंधी येते, प्रतिजैविकांचा दीर्घकाळ व अनाठायी वापर यास पोषक ठरतो. तिसरा लोंबते अन्नपुट : स्नायू शिथिल होऊन पिशवी कायमची खाली लोंबते. तिन्हींत पक्षी मलूल होतो, मान वेडीवाकडी ताणतो व वजनाने घटतो.

तुंब्यावर आरंभी घरगुती इलाज करता येतो. आजारी कोंबडी निराळी ठेवून एक दिवस दाणा बंद करावा, पाणी मात्र मोकळे ठेवावे. दोन-तीन मिलिलिटर खाद्यतेल चोचीच्या कडेने थेंबाथेंबाने पाजून दिवसातून तीन-चार वेळा पिशवी हलक्या हाताने चोळावी. एक-दोन दिवसांत उतार न पडल्यास हयगय न करता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा, कारण पिशवी चिरून गुंता काढण्याची शस्त्रक्रिया तज्ज्ञानेच करावयाची असते. आंबलेल्या अन्नपुटावर निस्टॅटिनसारखे बुरशीनाशक वैद्याच्या सल्ल्याने देतात. मोरचुदाचे पाणी हा जुना उपाय असला, तरी मात्रा चुकल्यास ते विषारी ठरते. कोंबडी पायांना धरून उलटी करण्याची व पिशवी पिळण्याची चाल सर्वस्वी त्याज्य होय, कारण आतील द्रव श्वासनलिकेत शिरून पक्षी गुदमरून मरतो. लोंबत्या अन्नपुटाचा पूर्ण परिहार क्वचितच होतो. थोडाथोडा मऊ आहार देऊन पक्षी जगवावा लागतो. औषधोपचार चालू असता आणि नंतर वैद्य सांगेल त्या मुदतीपर्यंत अंडी खाण्यात आणू नयेत.

अन्नपुट तुंबणे हे पुष्कळदा दुसऱ्याच व्याधीचे लक्षण असते. जंत, पेषणीतील अडथळा, मज्जातंतूंना ग्रासणारा मरेक रोग किंवा मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, यांतही अन्न पुढे सरकत नाही. एकाच वेळी अनेक कोंबड्या आजारल्या, हिरवट हगवण व धाप लागली अथवा मरतुक सुरू झाली, तर तेल पाजण्यात व पिशवी चोळण्यात वेळ न दवडता पशुसंवर्धन खात्यास वर्दी द्यावी. मृत पक्ष्यांच्या तपासणीसाठी खात्याचा रोग अन्वेषण विभाग पुण्यातच औंध येथे आहे.

प्रतिबंध खर्चाचा नाही. कोवळे गवत बारीक चिरून घालावे, बारीक खडे सदैव उपलब्ध ठेवावेत, पाणी व भांडी स्वच्छ असावीत, बुरशी आलेले धान्य व आंबलेला शिळा भात उकिरड्यात गाडावा, अंगणातील दोरे व प्लॅस्टिक वेचून काढावे आणि मानमोडीची लस वेळच्या वेळी टोचून घ्यावी. पहाटेची तपासणी ज्या घरी नित्य होते, तेथे हा विकार सहसा प्राणघातक ठरत नाही.