इंद्रजालची 26 वर्षं

1964 च्या मार्चमध्ये मुंबईत, टाइम्स ऑफ इंडियाच्या घरातून, एक पातळ रंगीत पुस्तिका बाहेर पडली. नाव 'इंद्रजाल कॉमिक्स'. नायक वेताळ, आणि पहिली गोष्ट त्याच्या कमरपट्ट्याची. आपल्याकडे ती नवी वाटली तरी आतला माल जुनाच होता. ली फॉक यांचा वेताळ अमेरिकी वर्तमानपत्रांत 17 फेब्रुवारी 1936 पासून रोज तीन-चार चौकटींनी पुढे सरकत होता. इंद्रजालने ते रोजचे तुकडे जोडून त्यांचं पुस्तक केलं.

हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. वर्तमानपत्रातली पट्टी घाईत वाचणाऱ्या माणसासाठी काढलेली असते. तो परवाचा भाग विसरलेला असणार हे गृहीत धरून चित्रकार रोज थोडी उजळणी करतो आणि शेवटच्या चौकटीत उद्यापुरती उत्सुकता सोडतो. तेच तुकडे सलग छापले की दर चार चौकटींनी गोष्ट अडखळते. म्हणून चौकटी गाळायच्या, कापायच्या, पानाच्या मापात बसवायच्या. मग इंग्रजी शब्दांच्या मापाने काढलेल्या फुग्यात मराठी वाक्य कोंबायचं. चित्र अमेरिकेतलं आणि कात्री बोरीबंदरची, असा हा कारभार होता. जुन्या वर्तमानपत्री पट्ट्यांचे शौकीन या कापाकापीवर आजही चिडतात आणि त्यांचं फारसं चुकत नाही. पण ही कात्री चालली नसती तर मराठी मुलाच्या हाती वेताळ आलाच नसता.

सुरुवातीच्या 10 अंकांत वेताळाला 16 पानंच होती, बाकीची पानं सामान्यज्ञानासारख्या मजकुराची. पुढे गोष्टीने ती जागाही बळकावली. पहिले 32 अंक एकट्या वेताळाचे. त्यानंतर जादूगार मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, चष्मा लावणारा सभ्य गुप्तहेर रिप कर्बी आला. मासिक पाक्षिक झालं, पाक्षिकाचं साप्ताहिक. इंग्रजी, हिंदी, मराठी, बंगाली, गुजराती आणि दक्षिणेतल्या भाषांतही अंक निघू लागले. हिंदीत 'वेताल' आणि मराठीत 'वेताळ' असलेला हा गडी बंगालीत 'अरण्यदेव' झाला.

नावांची डागडुजीही झाली. फॉक यांच्या मूळ गोष्टीत वेताळाचा मुलूख 'बंगाला', आणि समुद्री चाच्यांची टोळी 'सिंग' नावाची. भारतीय वाचकाला हे टोचणार, हे ओळखून संपादकांनी 'डेंकाली' आणि 'सिंगा' केलं. मुळातली मोठी अडचण मात्र तशीच राहिली. जंगलात सिंहासनावर बसलेला गोरा माणूस आणि त्याला जवळजवळ देव मानणारे बुटके आदिवासी, ही मांडणी साम्राज्याच्या काळातली आहे. लहानपणी ती खुपत नाही. मोठेपणी तोच अंक हातात घेतला की खुपते, आणि तरी पानं उलटली जातात. त्याचं श्रेय बरंचसं साय बॅरी यांच्या रेषेला. 1961 पासून त्यांनी वेताळ काढायला घेतला. कवटीची गुहा, झाडावरचं घर, हिरो घोडा आणि डेव्हिल लांडगा आपल्या डोळ्यांत बसले ते मुख्यतः त्यांच्या हातचे. गंमत म्हणजे फ्लॅश गॉर्डन अनेक वर्षं काढणारे डॅन बॅरी हे त्यांचे सख्खे भाऊ.

शहरात अंक स्टॉलवर मिळायचा. बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीसारख्या गावाची तऱ्हा वेगळी. अशा गावांत तो यायचा परळी-अंबाजोगाईला गेलेल्या कुणाच्या पिशवीतून, नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीत मुंबई-पुण्याहून आलेल्या मावसभावाच्या ट्रंकेतून. तोवर मुखपृष्ठ गेलेलं, शेवटचं पान गेलेलं, क्रमाचा तर पत्ताच नाही. तरी गोष्ट कळायची, कारण फॉक मूळ कथा पुन्हा पुन्हा सांगत. 1536 मधलं जहाजबुडीचं संकट, बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर घेतलेली शपथ, आणि बापामागून मुलगा असा चालत आलेला एकविसावा वेताळ. फाटक्या अंकातून शिरलेल्या पोरालाही हे एका पानात समजायचं. रोजच्या वर्तमानपत्रासाठी लावलेली सवय खेड्यातल्या उसनवारीला अशी उपयोगी पडली.

टाइम्सच्या त्याच घरात तेव्हा किती हात चालत होते पाहा. आर. के. लक्ष्मण 1951 पासून कॉमन मॅन काढत होते. इलस्ट्रेटेड वीकलीत मारिओ मिरांडा, धर्मयुगात आबिद सुरती यांचे ढब्बूजी. 1962 पासून महाराष्ट्र टाइम्सही त्याच समूहाचा. घराबाहेर 1960 साली ठाकरे बंधूंचं मार्मिक सुरू झालं होतं. शि. द. फडणीसांची निःशब्द चित्रं मासिकांची मुखपृष्ठं गाजवत होती, आणि एसीसीत स्थापत्य अभियंत्याची नोकरी करणारे वसंत सरवटे फावल्या वेळात पु. लं.च्या पुस्तकांना आणि ललित मासिकातल्या 'ठणठणपाळ' सदराला चेहरा देत होते. इतकी गुणी माणसं एका शहरात, फार तर एका रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर! पण जवळजवळ सगळे एका चौकटीचे उस्ताद. मराठी व्यंगचित्रकाराचं खरं घर होतं मासिक आणि दिवाळी अंक. दैनिकात रोज पुढे सरकणारी गोष्ट ही गरज त्याच्यापुढे कुणी ठेवलीच नव्हती.

इंद्रजालच्या सुरुवातीच्या काळात टाइम्सच्या पुस्तक विभागात काम करणाऱ्या अनंत पै यांनी भारतीय गोष्टींच्या चित्रकथेची ही फट हेरली. परदेशी नायकांची सद्दी पाहून ते बाहेर पडले आणि 1967 मध्ये 'अमर चित्रकथा' सुरू केली. राम वाईरकरांसारख्या चित्रकाराला कृष्णाच्या गोष्टीतून लांब चित्रकथेचं मैदान मिळालं ते तिथे.

इंद्रजालला स्वतःचा नायक मिळायला डिसेंबर 1976 उजाडला. लेखक आबिद सुरती, चित्रकार गोविंद ब्राह्मणिया, नायक बहादूर. भगवा कुर्ता, खाली जीन्स. बाप भैरवसिंग हा चंबळचा डाकू, तो मेला पोलीस अधिकारी विशालच्या गोळीने, आणि त्याच विशालने या पोराला वाढवलं. सूड घ्यायचा की बापाचे गुन्हे मान्य करायचे, हा पेच पहिल्याच गोष्टीत. पुढे बहादूर गावकऱ्यांचं नागरिक सुरक्षा दल उभारतो. चारच वर्षांपूर्वी जयप्रकाश नारायणांसमोर चंबळच्या डाकूंनी शस्त्रं खाली ठेवली होती आणि देशात आणीबाणी चालू होती, हे लक्षात घेतलं की ही निवड किती ताज्या मातीतली होती ते कळतं. वेताळ कवटीची खूण जबड्यावर उमटवून निघून जाई. बहादूरला त्याच गावात राहायचं होतं, लोकांना बरोबर घ्यायचं होतं. मला विचाराल तर इंद्रजालचं सगळ्यात धाडसी काम हेच.

बहादूर चालला, पण त्याच्यामागे दुसरा कुणी त्या तोडीचा उभा राहिला नाही. अंकांतला निम्म्याहून मोठा वाटा शेवटपर्यंत वेताळाचाच होता. 1990 मध्ये प्रकाशन थांबलं. क्रमांक 805 पर्यंत गेला होता, प्रत्यक्ष अंक 803, कारण 123 आणि 124 हे दोन अंक संपामुळे निघालेच नव्हते. संग्राहकांमध्ये या दोन न निघालेल्या अंकांची चर्चा काही निघालेल्या अंकांहून जास्त होते.

पुढच्याच वर्षी, 21 नोव्हेंबर 1991 ला, पुण्याच्या सकाळमध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' आला. ही रोजची पट्टी अस्सल मराठी होती. मिनी, पप्पू, बगळ्या, जोशीकाकू, क्रिकेटचा चेंडू आणि फुटणारी काच. 2012 मध्ये त्यावर सिनेमाही निघाला. चिंटूने रोजची गोष्ट रोज संपवली, 'क्रमशः' त्याने ठेवलंच नाही. धाडसाची लांबत जाणारी कथा मराठी दैनिकात रुजली नाही, याला हिशेबाची बाजूही आहे. वेताळाच्या पट्ट्या पुरवणारी किंग फीचर्स ही अमेरिकी कंपनी एकच पट्टी जगभरच्या वर्तमानपत्रांना विकत असे, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला खर्च थोडा येई. मराठी पट्टीला गिऱ्हाईक सहसा एकच दैनिक, आणि चित्रकाराचा महिन्याचा घरखर्च त्या एका मानधनावर चालायचा.