तिथवर किती मुक्काम?

आमच्या आईला अंतर मैलात कळायचं नाही, आणि किलोमीटरमध्ये तर नाहीच. कोणी कुठं निघालं की ती एकच विचारायची, "तिथवर किती मुक्काम?" पंढरपूर नऊ मुक्काम. आळंदी तीन. पारनेरला मुक्काम नाही, सकाळी निघून दिवे लागायच्या आत परत. मुंबई मात्र या हिशोबात बसायची नाही. मुंबईला कोणी चालत जात नव्हतं. माणसं तिकडं जायची आणि यात्रेला चार दिवस दिसायची, एवढंच तिला ठाऊक.

मी ट्रकवर जायला लागलो तेव्हा तिनं तेच विचारलं. मी म्हणालो, "आई, दिल्ली तेराशे किलोमीटर." ती म्हणाली, "ते राहू दे. मुक्काम सांग." मी बोटं मोजली. भरलेली गाडी, मधले घाट, जकात नाके. "पाच, नाहीतर सहा." ती हसली. "मंग पंढरीपेक्षा जवळच की!"

राळेगणसिद्धीला यायचं तर पुणे-नगर रस्त्यावर वाडेगव्हाणला उतरायचं आणि आत वळायचं. पाच किलोमीटर. हा पुणे-नगर रस्ता साधासुधा नाही. राज्य परिवहनाची पहिली एसटी १ जून १९४८ रोजी याच रस्त्यानं धावली. लाकडी सांगाड्याची गाडी, तीस माणसं बसतील एवढी. आमचे आजोबा ती गोष्ट सांगताना स्वतः गाडीत बसून आल्यासारखं सांगायचे. खरं म्हणजे ते रस्त्याच्या कडेला बैलं धरून उभे होते, आणि हॉर्न ऐकून बैलं बुजली होती. आमच्या लहानपणीसुद्धा एसटी धरायची म्हणजे आधी फाट्यापर्यंत चालायचं. डोक्यावर गाठोडं, हातात चपला. चपला फाट्यावर गेल्यावर घालायच्या.

आमच्या जिल्ह्यात रस्त्यांचा इतिहास शोधायला गेलं की दुष्काळ हाती लागतो. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ पडला, त्याच सालांत दौंड-मनमाड रेल्वेचं काम चाललं. पोटासाठी माणसं माती वाहत होती, आणि १८७८ मध्ये नगरावरून आगगाडी गेली. पुढं १९७२ आलं. पावसानं तोंड फिरवलं, विहिरी कोरड्या पडल्या, जनावरं बाजारात मातीमोल गेली. सरकारनं कामं काढली: पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, आणि रस्त्यांसाठी खडी. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरात पन्नास लाखांच्या आसपास माणसं या कामांवर होती. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना याच दिवसांत वाढली, आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पण त्या वेळी कायदा कोणाला ठाऊक होता? आम्हाला ठाऊक होता तो मुकादम, त्याची हजेरीची वही आणि ती तांबडी मिलो ज्वारी, जिची भाकर तव्यावरच फुटायची.

मी बारा वर्षांचा होतो. आई पहाटे भाकरी बांधून पाच-सहा किलोमीटरवरच्या खडीच्या कामाला जायची. सुट्टी असली की मीही. मोठा धोंडा गडी फोडायचे, बारीक खडी बायका. सायकलच्या जुन्या टायरची कडी करायची, दगड तिच्यात धरायचा आणि वरून हातोडी. कडी नसली तर चिप उडून डोळ्यात. संध्याकाळी ढीग मोजायला माणूस यायचा, तेव्हा आई आपला ढीग हातानं नीट रचून घ्यायची, लेकराच्या केसांवरून हात फिरवावा तशी.

एकदा मी विचारलं, "आई, ही खडी कुठं जाती?"

"रस्त्याला."

"कंच्या?"

"मला काय ठावं? जाईल कुठंतरी. आपण थोडंच जायचंय त्यावरून?"

गाव त्या काळात काय होतं ते पुष्कळांनी लिहिलंय. वर्षाला चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही आला तसा उताराला लागून जायचा. रानात पिकण्यापेक्षा भट्टीत जास्त शिजायचं. दारूच्या तीस-चाळीस भट्ट्या होत्या, आणि यादवबाबांच्या देवळाची लाकडंसुद्धा त्यांच्याखाली जळून गेली. आमचे वडील दिवस मावळला की त्यांतल्याच एखाद्या भट्टीवर सापडायचे. कधी आई आणायला जायची, कधी मी.

१९७५ मध्ये अण्णा हजारे लष्करातून गावी आले आणि देवळात राहायला लागले. लष्करात तेही ट्रकच चालवायचे, ही गोष्ट मला तेव्हापासून फार जवळची वाटते. आपल्या फंडाच्या पैशातून त्यांनी देऊळ दुरुस्त केलं. मग पाण्याचं काम निघालं. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे पाणी अडवून दाखवत होते, ते पाहून आल्यावर गावात बोलणं सुरू झालं. श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, दारूबंदी. आई श्रमदानाला जायला लागली. तीच पाटी, तोच टिकाव, तेच फावडं. फक्त इथं मुकादम नव्हता आणि शनिवारी पगार नव्हता.

मला ते पटलं नाही. सतरा वर्षांचा होतो. ज्या गावात पैसे मिळूनसुद्धा पोट भरलं नाही, तिथं फुकट माती कोण उचलणार? १९७७ मध्ये मी फाट्यावर उभा राहिलो, ओळखीच्या एका वस्तादांनी गाडी थांबवली आणि मी किन्नर झालो. क्लीनरला आमच्याकडं किन्नरच म्हणायचे. निघताना आई म्हणाली, "थांब म्हणत नाही. पण जाशील तिथलं कार्ड टाक. पाऊसपाणी कसं हाय तेवढं लिही."

तिला भारत बघायचा नव्हता. तिला तेवढंच हवं होतं.

लांब नाकाची टाटा, हौद्यात कांदा, वर ताडपत्री. नगर, राहुरी, कोपरगाव, मनमाड, मालेगाव, धुळे. तिथून आग्रा रोड. चढाला गाडी इतकी हळू व्हायची की मी खाली उतरून तिच्या बरोबरीनं चालायचो, हातात दगड घेऊन. गाडी मागं सरकली तर चाकामागं लावायला. सेंधव्याच्या अलीकडं बिजासनचा घाट. तिथं देवीपुढं नारळ फोडल्याशिवाय कोणी पुढं जायचं नाही. मग इंदूर, शिवपुरी, ग्वाल्हेर, चंबळेचा पूल, आग्रा. नाक्यावर अर्धा-अर्धा दिवस रांगेत. आता कोणी याला हळू प्रवास म्हणून हौसेनं निघतात. आमची गाडीच तेवढी पळायची.

पण त्या चालीत देश दिसतो, हे खरं. विशेषतः पाणी दिसतं. इंजिन तापलं की रेडिएटरला पाणी लागतं, आणि ते मिळवणं हे किन्नराचं काम. त्यामुळं कुठं हापसा आहे, कुठं विहिरीला मोट आहे, कुठली नदी उन्हाळ्यात नुसती वाळू असते, हे माझं पाठ झालं. गाव सुखी की दुःखी हे मी वेशीवरची कमान बघून ठरवत नव्हतो. दिवस मावळताना रस्त्याच्या कडेनं किती बाया डोक्यावर भांडी घेऊन चालल्यात, ते मोजायचो.

एका मे महिन्यात शिवपुरीच्या अलीकडं गाडी तापली. बोनेटमधून वाफ, आजूबाजूला झाड नाही. लांबून एक म्हातारी येत होती, डोक्यावर एकावर एक दोन मडकी. वस्तादांनी हात जोडून पाणी मागितलं. ती काही बोलली नाही. वरचं मडकं उतरवून माझ्या हातात दिलं. मी ते रेडिएटरमध्ये ओतलं. इंजिन घटाघटा प्यायलं आणि वर फुस्स करून थोडं बाहेर टाकलं. त्या सांडलेल्या पाण्याकडं ती जशी बघत राहिली, तसं मी आईला बघताना पाहिलं होतं. वस्तादांनी आमच्या शिध्यातलं पीठ आणि चार कांदे तिला दिले. ती आल्या वाटेनं मागं वळली, पुन्हा पाण्याला. एक मडकं आमच्या इंजिनानं प्यायलं होतं ना.

त्या दिवशीचं कार्ड मी असं लिहिलं: "मी खुशाल आहे. इथं आपल्यासारखंच आहे."

पुढं एक खेप अमृतसरची लागली. दिल्ली सोडून अंबाला, लुधियाना. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कालवे, आणि वैशाखात हिरवं रान. मी गाडी थांबली की कालव्यात पाय सोडून बसायचो. कार्डावर लिहिलं, "इथं पाणी शेतापर्यंत चालत येतं, बायांना आणायला जावं लागत नाही." आईनं ते कार्ड शाळेतल्या पोराकडून दोनदा वाचून घेतलं, आणि म्हणाली, लबाड बोलतंय.

अमृतसरच्या त्या ढाब्यावर कोणीतरी खेमकरणचा रस्ता दाखवला. १९६५ च्या युद्धात अण्णा त्याच भागात ट्रक चालवत होते. गाडीवर हल्ला झाला, सोबतचे जवान गेले, ते वाचले. मग जगायचं कशासाठी, हा प्रश्न धरून बसले, आणि दिल्ली स्टेशनवरच्या स्टॉलवर विवेकानंदांचं पुस्तक हाती लागलं. मी खाटेवर पडून विचार करत होतो: तोही ट्रक, हाही ट्रक. एक माणूस इथून गावाकडं परत निघाला, आणि मी गावाकडून इथवर आलो. त्या रात्री पहिल्यांदा मला माझ्या पळून येण्याची लाज वाटली.

गावी वर्षातून दोनदा यायचो. दर खेपेला काहीतरी बदललेलं. आधीचा पाझर तलाव पाणी धरत नव्हता, तो लोकांनी दुरुस्त केला आणि खालच्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी राहिलं. डोंगरउतारावर चर, ओढ्यावर बांध. पळणारं पाणी चालतं करायचं, चालणारं थांबवायचं आणि थांबलेलं जिरवायचं, असं कामावरची माणसं म्हणायची. जास्त पाणी पिणारा ऊस लावायचा नाही असं ठरलं. भट्ट्या गेल्या. वडील शेवटची काही वर्षं शुद्धीत जगले, आणि सकाळी उठून गोठा साफ करायला लागले. आईनं त्याबद्दल कधी कोणाचे आभार मानले नाहीत. "आपणच माती उचलली," म्हणायची. तिच्या त्या 'आपण'मध्ये मी नव्हतो. तिनं बोलून दाखवलं नाही, पण मला ते कळायचं.

मग एका उन्हाळ्यात, तोवर मी वस्ताद झालो होतो, गावातल्या कांद्याचं भाडं मला मिळालं. दिल्लीच्या आझादपूर मंडीचं. ज्या गावातनं माणसं खडी फोडायला बाहेर जायची, त्या गावातनं माल बाहेर निघाला होता. गोण्या भरताना माझेच सोबती होते, श्रमदानाला राहिलेले. कोणी टोमणा मारला नाही. एक जण म्हणाला, "रस्सी नीट आवळ, आमचं सोनं हाय." फाळका लावला, ताडपत्री बांधली.

आई म्हणाली, "फाट्यापत्तर येते."

आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्या केबिनमध्ये बसली. दोन्ही हातांनी पुढची दांडी घट्ट धरून. गाडी मी मुद्दाम हळू घेतली. ती खाली रस्त्याकडंच बघत होती. डांबर जिथं उखडलं होतं तिथं खडी वर आली होती. ती म्हणाली, "माझी नसंल ना रे ही?"

"असंलही."

"बारीक हाय. चांगली फोडलीया." थोड्या वेळानं म्हणाली, "मंग तू माझ्यावरूनच गेलास म्हण की इतके दिवस."

मला उत्तर सुचलं नाही. फाट्यावर ती उतरली. मी म्हणालो, "थांब, मागनं गाडी येईल कुणाची." ती म्हणाली, "मुक्काम थोडाच करायचाय?" आणि पदर डोक्यावर घेऊन चालायला लागली. आरशात मी ती वळणाआड जाईपर्यंत बघत होतो. मागं हॉर्न वाजायला लागले तेव्हा गाडी काढली.

आता पुणे-नगर रस्ता चौपदरी आहे, सुप्याला कारखाने आहेत, जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय. जकात नाके इतिहासात गेले. मी पाच मुक्कामांत गाठायचो ती दिल्ली माझा पुतण्या दोन दिवसांत गाठतो, आणि वाटेत पाणी कुठं आहे हे त्याला माहीत नसतं, तो बाटली विकत घेतो. मी पंचवीस वर्षं दिल्लीला गेलो, पण दिवसा ट्रकला प्रवेश नसल्यानं लाल किल्ला कधी उजेडात बघितला नाही. २०११ मध्ये जंतरमंतर टीव्हीवर दिसलं, तेव्हा गावातली पोरं मला विचारत होती, हे नेमकं कुठं? मी सांगितलं, मला दिल्लीतली मंडी विचारा, बाकी काही विचारू नका.

आई गेल्यावर तिची पत्र्याची पेटी उघडली. तारेला ओवलेली कार्डं निघाली, माझीच. धुळे, सेंधवा, ग्वाल्हेर, अंबाला. देऊळ, किल्ला, बाजार, कशाचा शब्द नाही. पाऊस झाला, पाऊस नाही, नदीला पाणी आहे, नदी कोरडी. तारेच्या टोकाला एक कार्ड कोरं होतं. मला टाकायला आणलेलं असावं, पण शाळेतलं पोर त्या दिवशी मिळालं नसेल. त्यावर फक्त पत्त्याच्या जागी कोणाच्या तरी हातानं लिहिलेलं होतं: मुक्काम पोस्ट, आणि पुढं जागा मोकळी.