बर्न आफ्टर रीडिंग : गुपित नसलेली हेरकथा

'बर्न आफ्टर रीडिंग' हा जोएल आणि ईथन कोएन या बंधूंनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला २००८ सालचा अमेरिकी ब्लॅक कॉमेडी चित्रपट आहे. कथा वॉशिंग्टनमध्ये घडते. दारूच्या सवयीवरून खालच्या जागी पाठवल्याने चिडलेला विश्लेषक ऑस्बॉर्न कॉक्स (जॉन माल्कोविच) सीआयएची नोकरी सोडून आठवणी लिहू लागतो. घटस्फोटाच्या तयारीत असलेली त्याची पत्नी त्याच्या संगणकातील फाइली उतरवून घेते. त्यांची सीडी वकिलाच्या सेक्रेटरीकडून एका जिममध्ये पडते. तिथले कर्मचारी लिंडा (फ्रान्सिस मॅक्डॉर्मंड) आणि चॅड (ब्रॅड पिट) यांना ती सरकारी गुपिते वाटतात. लिंडाला कॉस्मेटिक सर्जरीसाठी पैसे हवे असतात. कॉक्स दाद देत नाही, तेव्हा दोघे थेट रशियन दूतावास गाठतात.

प्रत्यक्षात सीडीत विकण्याजोगे काहीच नसते. तरीही दोघांचा जीव जातो. हेरपटात सहसा गुप्तचरांना सारे ठाऊक असते आणि प्रेक्षक चाचपडतो. इथे नेमके उलटे घडते. शेवटी सीआयएचे वरिष्ठ (जे. के. सिमन्स) विचारतात, यातून आपण काय शिकलो? उत्तर कुणाकडेच नसते. लिंडाने गप्प राहावे म्हणून सर्जरीचा खर्च मात्र मंजूर होतो.