एकास एक, एकास एक: शिऱ्याच्या कढईची गोष्ट



या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढाया, किल्ले आणि छावण्या यांबद्दल बोलतो. आजचा विषय स्वयंपाकघरातला आहे. घरात चार माणसे येणार असली, पूजा असली, मुलगा परीक्षेत पास झाला, की मराठी घरात पहिल्यांदा कढई चढते ती शिऱ्याची. रवा, तूप, साखर. अर्ध्या तासात काम होते, हलवाई लागत नाही. पण इतक्या साध्या पदार्थाच्या मागे किती मोठा इतिहास उभा आहे आणि तो पदार्थ कोणी कोणाबरोबर वाटून खायचा, या प्रश्नाने आपल्या समाजाला किती वळणे दिली, हे आज सांगायचे आहे.

सुरुवात आमच्या ग्वारीघाटापासून करतो. निवृत्तीनंतर मी जबलपूरला स्थायिक झालो. ग्वारीघाट हा शहराच्या दक्षिणेचा नर्मदेचा घाट. संध्याकाळी आरती होते, नावा हलत असतात, आणि समोरच्या काठावर गुरुद्वारा दिसतो. या एका घाटाच्या परिसरात तुम्हाला एकाच पदार्थाच्या तीन कढया सापडतील.

पहिली कढई परिक्रमावासीयांची. नर्मदा सुमारे १,३१२ किलोमीटर लांब. तिला उजव्या हाताला ठेवून, पात्र कुठेही न ओलांडता, पायी प्रदक्षिणा घालायची. जुन्या रीतीने तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस. मराठी माणसाचे या परिक्रमेवर फार प्रेम. गो. नी. दांडेकरांपासून जगन्नाथ कुंट्यांपर्यंत अनेकांनी तिच्यावर लिहिले आहे. या परिक्रमेत ‘कढाई करणे’ असा शब्दप्रयोग आहे. कढाई करणे म्हणजे शिरा करून नर्मदामैयाला नैवेद्य दाखवणे, लहान मुलींना कन्या म्हणून बसवून जेवू घालणे आणि उरलेला प्रसाद जो समोर येईल त्याला देणे. भांड्याचे नावच पदार्थाला आणि विधीला मिळाले.

दुसरी कढई समोरच्या काठावरची, गुरुद्वाऱ्यातली. गुरु नानकदेव या बाजूला आले होते अशी श्रद्धा आहे. तिथे मिळतो तो कडाह प्रसाद. त्यात रव्याऐवजी कणीक असते. प्रमाण असे: जितकी कणीक, तितके तूप, तितकी साखर.

तिसरी कढई आपल्या घरातली, सत्यनारायणाची. ‘सव्वा’च्या मापाने रवा, तितकेच तूप, तितकीच साखर, शिवाय दूध आणि केळी. कर्नाटकातल्या मंडळींनी लक्ष द्यावे, तुमच्याकडे याच प्रसादाला ‘सपाद भक्ष्य’ म्हणतात. सपाद म्हणजे एक आणि पाव, म्हणजेच आपला सव्वा.

आता गंमत पाहा. अकबराच्या दरबारी अबुल फज्लने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आईन-ए-अकबरी’ लिहिली. त्यात बादशाही मुदपाकखान्यातल्या पदार्थांची मापे दिली आहेत. हलव्याचे माप आहे: पीठ दहा शेर, खडीसाखर दहा शेर, तूप दहा शेर. एकास एक, एकास एक! बादशहाचे स्वयंपाकघर, गुरूचा लंगर आणि आपल्या आजीची पूजा, तिन्हीकडे माप तेच. मला यात मोठे गूढ दिसत नाही. समान माप लक्षात ठेवायला सोपे, वजनकाटा लागत नाही, एक वाटी पुरे. कागदावर न लिहिताही पाककृती टिकावी, तर ती अशीच हवी.

शब्दांचाही प्रवास पाहू. ‘हलवा’ अरबी, अर्थ गोड पदार्थ. ‘शिरा’ फारसीतून आला, मूळ अर्थ रस, पाक. म्हणूनच आमच्याकडे गोंधळ होतो. पुण्याचा पाहुणा जबलपूरच्या मिठाईवाल्याकडे ‘शीरा’ मागतो, तेव्हा दुकानदार गुलाबजामच्या पाकाकडे बघतो! इथे रवा ‘सूजी’ असतो आणि शिरा ‘हलवा’. उलट, महाराष्ट्रात नुसते ‘हलवा’ म्हटले की अनेकांना संक्रांतीचे काटेरी दाणे आठवतात. बेंगळुरूला ‘केसरी बाथ’, उत्तरेत आणि गुजरातेत कुठे ‘मोहनभोग’.

पण शब्द बाहेरून आले म्हणून पदार्थ परका ठरत नाही. संस्कृतात ‘संयाव’ आहे, तोही गव्हाचे पीठ, तूप, दूध आणि गोड यांचाच. आपल्या घरी गुळाचा सांजा होता, गव्हाच्या दलियाची लापशी होती. जिलबीचेही तसेच. अरबी ‘झलाबिया’ आपल्याकडे आली आणि पंधराव्या शतकातल्या जैन ग्रंथात पंक्तीला बसली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी जिलबीच्या या प्रवासावर शोधनिबंध लिहिला. एवढ्या मोठ्या विद्वानाला जिलबीवर लिहिताना कमीपणा वाटला नाही, मग मला शिऱ्यावर बोलताना का वाटावा?

रोजच्या घरात पांढऱ्या साखरेचा शिरा मात्र फार जुना नाही. सामान्य घरातले गोड म्हणजे गूळ. १९३२ मध्ये सरकारने देशी साखर उद्योगाला आयातीपासून संरक्षण दिले, तेव्हा कारखाने झपाट्याने वाढले. नंतर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. साखर खेड्यात पोचली, पण रेशनकार्डावर. माझ्या पिढीला आठवत असेल, सणाच्या आधी रेशनची साखर साठवून ठेवली जायची आणि शिरा हा खरोखरच प्रसंगाचा पदार्थ असायचा. पाहुण्याला शिरा देणे म्हणजे आपल्या वाट्याची साखर देणे होते.

आता जबलपूर आणि मराठी माणूस यांच्याबद्दल थोडे. १७८१ मध्ये सागरच्या मराठी सत्तेने गढा-मंडल्याचे गोंड राज्य जिंकले. पुढे हा मुलूख नागपूरच्या भोसल्यांकडे आला आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेला. १८७० मध्ये मुंबईकडून आलेली रेल्वे जबलपूरला अलाहाबादच्या मार्गाशी जोडली गेली आणि मुंबई-कलकत्ता प्रवास रुळांवरून होऊ लागला. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना आला. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. रेल्वे, कारखाने, कचेऱ्या, शाळा यांच्या निमित्ताने मराठी घरे इथे आली आणि रुजली. जबलपूरची खरी मिठाई म्हणजे खव्याची जिलबी, काळपट रंगाची. कमानिया गेटजवळच्या बडकुल यांच्या दुकानाचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाची आठवण म्हणून उभे राहिलेले हे गेट. जिलबी विकत आणायची आणि शिरा घरी करायचा, अशी विभागणी इथल्या मराठी घरांनी करून टाकली.

इथवर गोड गोष्टी झाल्या. आता कढईच्या तळाशी लागलेले तेही खरवडू.

उत्तर भारतात अन्नाचे दोन वर्ग होते, ‘कच्चे’ आणि ‘पक्के’. पाण्यात शिजलेला भात, डाळ, पोळी हे कच्चे. ते फक्त आपल्या किंवा आपल्यापेक्षा वरच्या मानलेल्या जातीच्या हातचे. तुपात तळलेले, भाजलेले ते पक्के. ते अनेक जातींत चालायचे. यात्रेत पुरी, लग्नात कचोरी, बाजारात मिठाई का, याचे एक उत्तर इथे आहे. तुपाने थोडी भिंत पाडली. पण सगळी नाही. अस्पृश्य मानलेल्यांना पक्क्या अन्नाच्या पंगतीतही जागा नव्हती. ज्या समाजात पाण्याला हात लावण्यासाठी १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला, तिथे कढईजवळ कोणाला उभे राहू देत असतील, हे वेगळे सांगायला नको.

फौजेचा इतिहासही याला अपवाद नाही. कंपनी सरकारच्या बंगाल आर्मीत भरती मुख्यतः अवध-बिहारच्या उच्चवर्णीय घरांतली. प्रत्येक शिपायाची भांडी वेगळी, चूल वेगळी. १८२४ मध्ये बराकपूरला झालेल्या उठावात सामानासाठी बैल मिळत नाहीत ही मोठी तक्रार होती आणि त्या सामानात ही भांडी होती. आमच्या जबलपूरला १८५७ मध्ये याच सैन्याची ५२ वी पलटण होती. १८ सप्टेंबरला गोंड राजा शंकर शाह आणि त्यांचा मुलगा रघुनाथ शाह यांना इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिले आणि त्याच रात्री ही पलटण बंड करून निघाली. एका शत्रूविरुद्ध एकत्र उठलेली, पण चुली वेगळ्या असलेली फौज. हे चित्र माझ्या डोक्यातून जात नाही.

पुढच्या शंभर वर्षांत ते बदलले. आज पलटणीच्या स्वयंपाकघराला अनेक ठिकाणी ‘लंगर’च म्हणतात आणि एका कढईतले सगळे खातात. जबलपूरहून जवळच्या सागरला महार रेजिमेंटचे केंद्र आहे. ही रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली. ज्यांना एकेकाळी भरतीचे दार बंद झाले होते, त्यांच्या नावाच्या रेजिमेंटमध्ये आज देशभरातले जवान आहेत. पलटणीत मंदिर परेड असते, सर्वधर्म स्थळ असते आणि प्रसाद म्हणून हातावर येतो तो हलवा. कर्नल साहेबांना आणि सफाईवाल्याला एकाच कढईतला, एकाच डावाने. मी नोकरीत भाषणे पुष्कळ ऐकली, पण समतेचा धडा त्या द्रोणाइतका सोपा करून कोणी दिला नाही.

फौजेत हलवा टिकण्याचे शास्त्रीय कारणही आहे. सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळते. डाळ-भात शिजता शिजत नाही. तुपात मात्र पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या बरेच वर भाजता येते. रवा खमंग भाजला की अर्धे काम झाले. कोरडा रवा, तूप, साखर महिनोन्‌महिने टिकतात. उष्मांक भरपूर. डोंगरावरच्या ठाण्याला आणखी काय हवे?

आता कृती. तीस-एक माणसांना द्रोणभर प्रसाद पुरवायचा असेल तर अर्धा किलो जाड रवा, अर्धा किलो तूप, अर्धा किलो साखर, दीड लिटर पाणी किंवा निम्मे दूध-निम्मे पाणी. एरवीच्या पाहुण्यांसाठी तूप पाव किलो केले तरी चालते, डॉक्टरही रागावणार नाहीत. जाड बुडाच्या कढईत तुपावर रवा मंद आचेवर भाजा. रंग बदलेल, वास सुटेल, झारा हलका फिरू लागेल. घाई करू नका, पंधरा-वीस मिनिटे लागतात. दुसऱ्या शेगडीवर पाणी उकळत ठेवा. उकळते पाणी बेताबेताने घाला, हात सांभाळा, वाफ जोरात येते. झाकण ठेवून रवा पूर्ण फुलू द्या. साखर त्यानंतरच. आधी घातली तर साखर पाणी ओढून घेते आणि रवा टचटचीत राहतो. शेवटी वेलची, बेदाणे, हवे तर केळ्याच्या चकत्या तुपावर परतून.

अनेक प्रकारचे गोड करायची गरज नाही. शिरा सकाळी करून ठेवता येतो, थोडे दूध शिंपडून गरम करता येतो. दात नसलेल्या आजोबांना चालतो, दोन वर्षांच्या नातीला चालतो. ज्यांना गहू चालत नाही त्यांच्यासाठी त्याच मापात मुगाचा किंवा शिंगाड्याच्या पिठाचा करा, पाणी मात्र पिठाप्रमाणे कमी-जास्त लागेल.

घाटावर वाटणार असाल तर एक विनंती. द्रोण पळसाच्या पानांचे घ्या, प्लॅस्टिकचे नकोत, आणि रिकामे द्रोण नदीत टाकू नका. ज्या मैयाला नैवेद्य दाखवला तिच्याच अंगावर उष्टे टाकायचे नसते.

हल्ली घरी माणसे बोलावली की फोनवरून डबे येतात. मी त्याला नावे ठेवत नाही. नोकरी, प्रवास, दमणूक, सगळे खरे आहे. पण एक फरक असतो. डब्यातली मिठाई मोजून येते, ज्याला दिली त्याचीच असते. कढई मध्ये असली की मोजणी संपते. वॉचमन वर येतो, काम करणाऱ्या ताई थांबतात, शेजारचा मुलगा वाटी घेऊन उभा राहतो. त्यांना बोलावणे तेवढे आपल्या हातात आहे. ज्या समाजाला एका कढईपर्यंत यायला एवढी शतके लागली, त्याने ती कढई माळ्यावर टाकू नये, इतकेच माझे म्हणणे.

येत्या रविवारी पाव किलो रवा भाजा आणि ज्या घराशी आजवर फक्त नमस्कारापुरता संबंध आहे, त्या घरी पहिली वाटी पाठवा. शिऱ्याला तुमच्या गावात काय म्हणतात आणि तुमच्याकडे माप कोणते, तेही कळवा. तंजावर, बडोदा, इंदूर, हैदराबाद, बेळगाव, सगळीकडच्या कढया मला मोजायच्या आहेत.

जय हिंद. नर्मदे हर!