हूपरचे दुकान

दूरचित्रवाणी मालिकेतील दुय्यम नट वारला की निर्माते सहसा दोन वाटांपैकी एक धरतात. एक तर त्याच्या जागी दुसरा नट आणतात, नाही तर ते पात्र परगावी गेल्याचे सांगून मोकळे होतात. डिसेंबर १९८२ मध्ये अमेरिकेतील ‘सेसमी स्ट्रीट’ या बालमालिकेच्या निर्मात्यांपुढेही याच दोन वाटा होत्या. त्यांचा प्रेक्षक मात्र तीन ते पाच वर्षांचा होता, आणि गेलेला नट होता विल ली.

आपल्याकडे २००६ साली आलेली ‘गली गली सिम सिम’ ही याच मालिकेची भारतीय आवृत्ती. मूळ मालिका १० नोव्हेंबर १९६९ रोजी सुरू झाली. शहरातील एका गल्लीत माणसे आणि बाहुल्या शेजारी म्हणून राहतात, एवढीच तिची कल्पना. त्या गल्लीत मिस्टर हूपर यांचे दुकान होते. बो टाय, ॲप्रन, चष्मा. स्वभाव वरून तिरसट, आतून मायाळू. बिग बर्ड हा आठ फुटांहून उंच पिवळा पक्षी त्यांचे नाव कधी धड उच्चारत नसे. लूपर, कूपर, डूपर असे काहीही म्हणे आणि म्हातारा दर वेळी वैतागून ते सुधारी. वर्षानुवर्षे चाललेला हा एकच विनोद मुलांना कधी शिळा वाटला नाही.

हूपर साकारणाऱ्या माणसाचे आयुष्य मात्र बालमालिकेत शोभणारे नव्हते. विल ली यांचा जन्म १९०८ चा, ब्रुकलिनमधल्या ज्यू कुटुंबातला. महामंदीच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये डाव्या विचारांच्या रंगभूमीला बहर आला होता. ली त्याच वातावरणात, ‘ग्रुप थिएटर’च्या मंडळींत घडले. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या मनोरंजन विभागातर्फे त्यांनी ऑस्ट्रेलिया आणि मनिला येथे जवानांसाठी नाटके बसवली.

पुढे शीतयुद्ध आले. १९५० साली अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या ‘अन-अमेरिकन’ कारवायांचा तपास करणाऱ्या समितीपुढे ली यांनी सहकार्य नाकारले. त्याच वर्षी ‘रेड चॅनल्स’ ही पुस्तिका निघाली. रेडिओ व दूरचित्रवाणी क्षेत्रातील १५१ जणांवर तिने साम्यवादाचा शिक्का मारला. या काळ्या यादीचे स्वरूप नीट समजून घेण्याजोगे आहे. तिच्यामागे कोणताही कायदा नव्हता, न्यायालयाचा निवाडाही नव्हता. जाहिरातदार बिचकत, वाहिन्या त्यांना बिचकत, आणि दूरध्वनी येणे एकाएकी बंद होई. बंदी कोणी घातली हे सांगताच येत नसल्यामुळे ती उठवा, असे सांगायचे तरी कोणाला? ‘द गोल्डबर्ग्ज’ या गाजलेल्या मालिकेतील फिलिप लोब यांनी याच छळापायी १९५५ मध्ये आत्महत्या केली. ली यांना सुमारे पाच वर्षे दूरचित्रवाणीवर काम मिळाले नाही. त्यांनी अभिनय शिकवला, रंगभूमी धरून ठेवली.

मग वयाच्या एकसष्टाव्या वर्षी हूपर आले. त्या मालिकेच्या सुरुवातीच्या सुमारे ८० लाख डॉलरच्या निधीपैकी जवळपास निम्मा वाटा संघराज्य सरकारचा होता. एकेकाळी ज्या संसदेच्या समितीने देशद्रोहाच्या संशयाने पाहिले, त्याच देशाच्या तिजोरीने या माणसाला घरोघरच्या मुलांचा आजोबा केले. यात सूड नाही, भरपाईही नाही. इतिहास असा वेडावाकडाच चालतो. १९७८ च्या नाताळ विशेष कार्यक्रमात गल्लीतला शेजारी हूपरना हनुकाच्या शुभेच्छा देतो, तेव्हा हा दुकानदार ज्यू आहे हे मुलांना सहज कळून जाते. त्यावर कोणी भाषण देत नाही.

७ डिसेंबर १९८२ रोजी, ७४ व्या वर्षी, हृदयविकाराने ली यांचे निधन झाले. त्यांचा अखेरचा चित्रपट, सिडनी ल्युमेट यांचा ‘डॅनियल’, त्यानंतर काही महिन्यांनी प्रदर्शित झाला. त्याची कथा साम्यवादी हेर ठरवून मृत्युदंड दिलेल्या रोझेनबर्ग दांपत्यावर बेतलेली आहे. काळ्या यादीतल्या या नटाने त्यात न्यायाधीशाची भूमिका केली होती.

इकडे मालिकेच्या चमूने दोन्ही सोप्या वाटा नाकारल्या. हूपर मरण पावले आहेत आणि ते परत येणार नाहीत, हे मुलांना सरळ सांगायचे ठरले. लेखक नॉर्मन स्टाइल्स यांनी बालमानसतज्ज्ञांचा सल्ला घेतला आणि काय टाळायचे तेही पक्के झाले. आजाराचा उल्लेख नको, नाही तर साधा ताप आला तरी मूल घाबरेल. ‘झोपी गेले’ असे म्हणायचे नाही, कारण मग झोपेचीच धास्ती बसेल. जुनी दृश्ये दाखवायची नाहीत. मेलेला माणूस हलताबोलता दिसला तर गोंधळ होईल. परलोकाचा विषय प्रत्येक घरावर सोडला.

भाग प्रसारित झाला २४ नोव्हेंबर १९८३ रोजी, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी. सुटीमुळे आईवडील घरी असतील आणि मुलांच्या प्रश्नांना उत्तर द्यायला कोणी तरी असेल, हा हिशेब होता. भागात बिग बर्ड सगळ्या शेजाऱ्यांची चित्रे काढून आणतो आणि वाटतो. एक उरते. हूपर आले की देईन, म्हणतो. मोठी माणसे त्याला पुन्हा समजावतात. मग त्याचे खरे प्रश्न सुरू होतात: माझा मिल्कशेक कोण करणार, गोष्टी कोण सांगणार? आणि शेवटी, हे असे का? गॉर्डनकडे उत्तर नसते. असेच असते म्हणून, एवढेच तो म्हणतो. मुलांसमोर मोठ्या माणसाने निरुत्तर होणे, हेच या भागातले सर्वांत मोठे धाडस. चित्रीकरणाच्या वेळी नटांचे डोळे खरोखर पाणावले होते. ती चित्रेही बिग बर्डच्या पोशाखात वावरणाऱ्या कॅरल स्पिनी यांनीच रेखाटली होती. निरोप घेताना बिग बर्ड नाव पुन्हा चुकतो, लूपर म्हणतो. या वेळी मारिया ते सुधारते.

उरलेले चित्र बिग बर्डच्या घरट्यापाशी टांगले गेले. दुकान डेव्हिडने चालवले, पुढे इतरांनी. पाटीवरचे नाव मात्र अजून हूपर यांचेच आहे.