निकालाच्या दिवशी सर्व्हर का अडतो?

दहावीचा निकाल दुपारी १ वाजता खुला होतो आणि मुरूड-श्रीवर्धनपासून मुंबईपर्यंतचे विद्यार्थी एकाच क्षणी संकेतस्थळाकडे धाव घेतात. १६ जुलै २०२१ रोजी तर निकालाची संकेतस्थळे कित्येक तास ठप्प होती. अशा वेळी ‘सर्व्हर लहान पडला’ असा शेरा सहज मारला जातो. प्रत्यक्षात अनेकदा मेमरी आणि प्रोसेसर मोकळे असतानाही दार बंद होते.

लिनक्स प्रणाली प्रत्येक जोडणी ही उघडी फाइल मानते. एका प्रोसेसला अशा फाइलींची मर्यादा सर्वसाधारणपणे १,०२४ असते. मधल्या प्रॉक्सी सर्व्हरला एका वाचकामागे दोन जोडण्या लागतात; म्हणजे पाचशेच्या आसपासच गाडे अडते. लॉगमध्ये ‘टू मेनी ओपन फाइल्स’ दिसले, की निदान झाले.

मर्यादा वाढवणे सोपे. चुकते ती जागा. ‘लिमिट्स.कॉन्फ’मधील बदल लॉगिन करणाऱ्यांना लागू होतो. सिस्टमडीने सुरू केलेल्या सेवेसाठी ‘लिमिटनोफाइल’ हे मूल्य त्या सेवेच्याच फाइलीत लिहावे लागते. स्वीकृतीच्या प्रतीक्षेतील जोडण्यांची रांग ‘सोमॅक्सकॉन’ ठरवतो. २०१९ मधील लिनक्स ५.४ पूर्वी ती मुळात अवघी १२८ होती, पुढे ४,०९६ झाली.

मात्र प्रत्येक जोडणी थोडी मेमरी खातेच. आकडा डोळे झाकून लाखावर नेल्यास मेमरी संपते आणि प्रणाली स्वतःच सर्व्हरची प्रोसेस बंद पाडू शकते.